सामायिक रॉकेटवरून उपग्रह सोडायचाय? शेवटच्या वर्षाची तयारी

सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक संघ तीन युनिटचा क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक मापाच्या तीन घनाकार खणांएवढा छोटा उपग्रह, बांधतो आहे. आत छोटा कॅमेरा, ४३७ मेगाहर्ट्झचा रेडिओ आणि चार १८६५० (दंडगोल लिथियम-आयन) सेलची बॅटरी. सहप्रवासी उपग्रह म्हणून जागा मिळायची बोलणी बरीच पुढे गेली आहेत आणि हातात साधारण वर्ष आहे. त्यांचा प्रश्न असा: कोणत्या चाचण्या, कोणत्या क्रमाने, त्यातलं सोलापुरात काय जमेल, आणि असे उपग्रह नेमके कुठे फसतात?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रॉकेट देणारी संस्था तुमच्याकडून ज्या चाचण्या आणि जे कागद मागते, ते तुमचा उपग्रह चालावा म्हणून नसतात. तुमच्यामुळे मुख्य उपग्रहाला, शेजारच्या सहप्रवाशांना किंवा रॉकेटला इजा होऊ नये, एवढ्यासाठीच ते असतात. तुमचा उपग्रह डब्यातून (रॉकेटवर बसवलेल्या, कक्षेत उपग्रह बाहेर सोडणाऱ्या पेटीतून) नीट बाहेर पडला आणि कायमचा मुका राहिला, तरी त्यांच्या दफ्तरी मोहीम यशस्वीच. म्हणून पहिल्याच दिवशी दोन याद्या करा: एक रॉकेटवाल्यांना काय हवं याची, दुसरी उपग्रह जगण्यासाठी काय हवं याची. विद्यार्थी संघ पहिल्या यादीमागे वर्षभर धावतात आणि ती संपली की तयारी संपली असं समजतात. कक्षेत गेल्यावर गप्प राहणाऱ्या पहिलटकर उपग्रहांपैकी पुष्कळांची दुसरी यादी अर्धवट राहिलेली असते.

सामायिक रॉकेटवर तीन गोष्टी तुमच्या हातात नसतात. कक्षा मुख्य उपग्रह ठरवतो. तारीखही तोच ठरवतो. आणि तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर रॉकेट थांबत नाही. तुमच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवतात आणि पुढे जातात. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह एका खेपेत सोडले, त्यात मुख्य कार्टोसॅट-२ मालिकेतला होता आणि १०३ सहप्रवासी. अशा मांडणीत कुणा एकासाठी वेळापत्रक हलत नाही. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तोही असाच वीस उपग्रहांच्या खेपेत.

कक्षा तुमची नाही, याचा पहिला फटका विजेच्या हिशेबाला बसतो. ५०० किलोमीटर उंचीवर एक फेरी सुमारे ९४ ते ९५ मिनिटांची. दुपारी बाराच्या आसपास विषुववृत्त ओलांडणारी सूर्य-समकालिक कक्षा (जिच्यात ही स्थानिक वेळ रोज तीच राहते) मिळाली तर दर फेरीत ३५ मिनिटांच्या आसपास सावली. पहाट-संध्याकाळची कक्षा मिळाली तर वर्षातला बराच काळ सावलीच नाही. वीज भरपूर, पण उष्णता बाहेर टाकायची पंचाईत. करार होईपर्यंत दोन्ही टोकांचा हिशेब करा. आणि तो कॅमेरा चालू धरून नव्हे, ‘सेफ मोड’ (अडचणीत किमान कामांवर तग धरायची अवस्था) धरून करा: रिसीव्हर सतत चालू, मिनिटाला एक बीकन (आपली खबर देणारा छोटा रेडिओ संदेश), उपग्रह वेडावाकडा फिरतोय, पॅनेलवर ऊन जेमतेम पडतंय, आणि थंडीत बॅटरीचा हीटरही ओढतोय. अशा अवस्थेत फेरीअखेर बॅटरी थोडी तरी भरलेली राहिली पाहिजे. इथे हिशेब उणे असेल तर पुढच्या कुठल्याच चाचणीने उपग्रह वाचणार नाही.

सांगाड्याचं माप

सोलापूरकरांनी इथे जास्त लक्ष घालावं, कारण आपला उन्हाळा या कामात थेट आडवा येतो.

तीन युनिटचा क्यूबसॅट म्हणजे १०० बाय १०० बाय ३४०.५ मिलिमीटर. रुंदीला सूट फक्त अधिक-उणे ०.१ मिमी, लांबीला अधिक-उणे ०.३ मिमी. चार कोपऱ्यांवरच्या रेल किमान ८.५ मिमी रुंद, कडा किमान १ मिमी त्रिज्येने गोलावलेल्या, पृष्ठभागाचा खडबडीतपणा १.६ मायक्रॉनच्या आत, आणि वर हार्ड अनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या मदतीने चढवलेला कठीण ऑक्साइडचा थर. डब्याच्या आतल्या रेलवरून उपग्रह याच चार पट्ट्यांवर घसरत बाहेर येतो. अनोडायझिंग नसेल तर कंपनात ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासून चिकटायची भीती. बाजूच्या पृष्ठांवरून बाहेर येणारी कोणतीही वस्तू, मग ते सौर पॅनेल असो, अँटेना असो किंवा स्क्रूचं डोकं, रेलच्या पातळीपासून ६.५ मिमीच्या आत राहिली पाहिजे.

आता हिशेब बघा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये ४० अंश असतात, तर मापाचं प्रमाण तापमान २० अंश. या वीस अंशांत १०० मिमीची रुंदी ०.०४६ मिमीने वाढते, म्हणजे एका बाजूची जवळपास निम्मी सूट तापमानानेच खाल्ली. तुमचा मायक्रोमीटर पोलादी असतो, तोही वाढतो, पण निम्म्यानेच. त्यामुळे आकडा सुमारे ०.०२३ मिमी जास्त दिसतो. यात अनोडायझिंगची भर. ५० मायक्रॉनचा हार्ड थर दिला तर त्यातला साधारण अर्धा आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला २५ आणि पूर्ण रुंदीला ५० मायक्रॉन. मशीनवर बरोबर १०० मिमी कापून घेतलेला सांगाडा अनोडायझिंगनंतर १००.०५ होतो, आणि जोडणीत जराशी पीळ बसली की १००.१ च्या बाहेर.

म्हणून रुंदी ९९.९५ धरून कापायला सांगा. अनोडायझिंगवाल्याला थराची जाडी लेखी द्या. अंतिम माप घेण्याआधी सांगाडा आणि मोजण्याची साधनं दोन्ही रात्रभर एसी खोलीत ठेवा. प्रत्येक रुंदी वरून खालपर्यंत किमान पाच ठिकाणी मोजा. मधे फुगलेला उपग्रह दोन टोकांच्या मापात सापडत नाही. स्क्रू आधी सगळे हाताने बसवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. एकच बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात की सांगाडा तिरपा होतो आणि तो तिरपेपणा डोळ्याला दिसत नाही. शेवटी डब्याच्याच मापाचा गेज करून घ्या. त्यात उपग्रह उभा सोडल्यावर स्वतःच्या वजनाने, न अडखळता, खाली सरकला पाहिजे. बोटाने ढकलावा लागला तर तो अजून तयार नाही.

अनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, हेही विसरू नका. अर्थिंगच्या जागा आधीच झाकायला सांगा. नंतर खरवडत बसल्यावर कण निघतात.

गुरुत्वमध्य भौमितिक मध्यापासून आडव्या दोन्ही दिशांना २ सेंटिमीटरच्या आत आणि तीन युनिटला लांबीच्या दिशेने ७ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. बॅटरी एका टोकाला आणि कॅमेरा दुसऱ्या टोकाला ठेवला की हे बहुतेक आपोआप जमतं.

स्विच, पिन आणि टायमर

डब्यात असताना उपग्रह पूर्ण मेलेला असला पाहिजे. रेलच्या टोकाला असलेले स्विच दाबलेले असतात आणि बॅटरीचा मार्ग तोडून ठेवतात; बाहेर पडताच ते सुटतात आणि वीज सुरू होते. याशिवाय लाल फीत लावलेली पिन असते, ती डब्यात घातल्यावर काढतात. रेडिओ चुकून सुरू होऊ नये म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन अडथळे मागितले जातात, आणि इथे संघांचा हमखास गोंधळ होतो: टायमर हा अडथळा धरला जात नाही. अडथळा म्हणजे वीज आणि धोका यांच्यामध्ये बसलेली खरीखुरी वस्तू: स्विच, रिले, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). सौर पॅनेलकडून येणारा मार्गही तोडलेला हवा. नाहीतर एकत्र जोडणीच्या हॉलमधल्या दिव्यांवर प्रोसेसर अर्धवट जागा होतो.

बाहेर पडल्यावर अँटेना किंवा पॅनेल उघडायला किमान ३० मिनिटं आणि रेडिओ प्रक्षेपणाला किमान ४५ मिनिटं थांबायचं, हा क्यूबसॅटचा सर्वसाधारण नियम. रॉकेटवाले याहून जास्त मागू शकतात. हे साधं वाटतं, पण एक मरण याच टायमरमध्ये दडलेलं असतं. बॅटरी महिनोन्‌महिने डब्यात राहून उतरलेली आहे. उपग्रह बाहेर येतो, जागा होतो, वीस मिनिटांनी सावलीत जातो, व्होल्टेज पडतं, प्रोसेसर रीसेट होतो. टायमर रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, असल्याने पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. ४५ मिनिटं कधी पुरीच होत नाहीत आणि अँटेना कधीच उघडत नाही.

उपाय स्वस्त आहे. दर मिनिटाला झालेली मिनिटं एफरॅम किंवा फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) तीन ठिकाणी लिहा आणि वाचताना बहुमत घ्या. जमिनीवर चाचणी घेताना बॅटरी जवळजवळ रिकामी ठेवून, पुरवठा दर दहा मिनिटांनी तोडून बघा. अँटेना ‘उघडली’ ही खूण फक्त आज्ञा दिली म्हणून लावू नका, उघडल्याचा स्विच वाचून लावा. तो स्विचही बिघडू शकतो, म्हणून त्याचं उत्तर काहीही आलं तरी ठरावीक प्रयत्नांनंतर रेडिओ सुरू झालाच पाहिजे. गुंडाळलेल्या अँटेनातूनही थोडा सिग्नल बाहेर येतो. मोठ्या डिशला तो सापडू शकतो.

अँटेना बांधून ठेवणारा दोरा जाळायची तार खोलीत तीन सेकंदांत दोरा तोडत असेल, तर तोच आकडा कक्षेत लागू होईल असं धरू नका. निर्वातात हवा उष्णता नेत नाही, तार लवकर तापते आणि कधी दोरा सुटण्याआधी स्वतःच तुटते. उलट, उणे वीस अंशाला बॅटरीचं व्होल्टेज पडतं आणि तीच तार पुरेशी तापत नाही. तापमानाच्या दोन्ही टोकांना, निर्वातात, प्रत्यक्ष उड्डाणाच्याच बॅटरीवर चाचणी हवी. मोजपट्टीच्या पोलादाची अँटेना चार-सहा महिने गुंडाळून ठेवली तर वाक धरते. एक जादा नमुना आजच गुंडाळून कपाटात ठेवा आणि डिलिव्हरीच्या आधी उघडून बघा.

बॅटरी

रॉकेटवाले बॅटरीवर जितके प्रश्न विचारतात तितके कशावरच विचारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. साठवलेली एकूण ऊर्जा १०० वॅट-तासांच्या आत असावी लागते. चार सेलला ती अडचण येत नाही. सेल एकाच लॉटमधले, हव्या त्याच्या तिप्पट तरी घ्या. प्रत्येकाची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजा, जुळणारे चार निवडा. नंतर प्रत्येक सेलचं वजन करा, निर्वातात ठेवा, पुन्हा वजन करा. घट ०.१ टक्क्याच्या आत हवी. १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही ४५ मिलिग्रॅमचा फरक शोधताय. त्यासाठी मिलिग्रॅम वाचणारा तराजू लागतो, तो महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात असतो. घट जास्त आली तर सेलचं सील गळतंय. तो सेल बाजूला काढा, ‘बघू’ म्हणून ठेवू नका.

शून्य अंशाखाली लिथियम-आयन सेल चार्ज करू नका. ॲनोडवर धातूरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची जाते, पुढे आतल्या आत शॉर्टही होऊ शकतो. हीटर आणि थर्मोस्टॅट हे सॉफ्टवेअरवर विसंबून नसावेत.

कंपन

रॉकेटचे नेमके आकडे हातात येईपर्यंत नासाच्या गोडार्ड केंद्राचा सर्वसाधारण आराखडा वापरतात: रँडम कंपन (एकाच वेळी अनेक वारंवारितांचं), २० हर्ट्झपासून चढत ५० ला ०.१६ जी-वर्ग प्रति हर्ट्झ, तिथून ८०० पर्यंत सपाट, मग उतरत २००० हर्ट्झपर्यंत. एकूण १४.१ जीआरएमएस (सगळ्या वारंवारिता मिळून होणारा जोर, गुरुत्वत्वरणाच्या पटीत). ही क्वालिफिकेशनची (रचना सिद्ध करायची) पातळी, प्रत्येक अक्षाला दोन मिनिटं. स्वीकृतीची (उडणारी प्रत तपासायची) पातळी १० जीआरएमएस, एक मिनिट. तुमच्यासारखा एकच उपग्रह बांधणारा संघ प्रोटोफ्लाइट मार्ग घेतो: वरची पातळी, पण एकच मिनिट. प्रत्यक्ष रॉकेटचे आकडे याहून कमी असतात असं बऱ्याचदा दिसतं. ते मिळाले की तेच वापरा. गरजेपेक्षा जास्त हलवलेला उपग्रह जास्त मजबूत होत नाही, फक्त जास्त थकतो.

सोलापुरात याची सोय नसेल तर पुण्यात वाहन उद्योगासाठीची कंपन टेबलं आहेत, एआरएआयसारख्या संस्थेत. अहमदाबादला इन-स्पेसच्या (खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तंत्रकेंद्रात कंपन आणि निर्वात दोन्ही एका छताखाली होतं. अर्ज लवकर करा, रांग असते.

उपग्रह नुसता टेबलाला बोल्ट करून हलवू नका. तो ज्या प्रकारच्या डब्यातून जाणार, तशाच डब्यात घालून हलवा. डब्यात रेलला बारीकशी फट असते आणि उपग्रह तिच्यात खडखडतो. हा मार डब्याशिवाय दिसतच नाही. आधी रिकामा डबा, मग वजनाचा ठोकळा घालून, आणि मगच खरा उपग्रह. प्रत्येक अक्षावर क्रम ठरलेला: हलकी साइन झाडणी (एकेका वारंवारितेने क्रमाने हलवणं), ५ ते २००० हर्ट्झ, अर्ध्या जीच्या आत, मग रँडम, मग पुन्हा तीच हलकी झाडणी. आधीच्या आणि नंतरच्या आलेखात मुख्य नैसर्गिक वारंवारिता पाच टक्क्यांहून जास्त सरकली तर आत काहीतरी सैल झालंय किंवा तडकलंय. तिथेच थांबा. ‘पुढचा अक्ष करून घेऊ, टेबल भाड्याचं आहे’ हा विचार महागात पडतो, कारण नंतर कशाने काय तुटलं ते कळत नाही.

सैल काय होतं? बहुतेक वेळा एम-३ आणि एम-२.५ चे स्क्रू. एम-३ ला साधारण १ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्ह्याने, प्रत्येक आकडा तक्त्यात, दुसऱ्या माणसाची सही. थ्रेड-लॉक कमी वायू सोडणारंच हवं. कनेक्टर इपॉक्सीने ठिपके देऊन बांधा, जड इंडक्टर आणि टॅंटलम कपॅसिटर बोर्डाला चिकटवा. तुमच्या कॅमेऱ्याबाबत वेगळं सांगतो: लेन्सचा फोकस फिरवून बसवलेला असतो आणि कंपनात हळूच सरकतो. फोकस ठरवून इपॉक्सीने पक्का करा. कंपनाआधी आणि नंतर त्याच अंतरावरच्या त्याच तक्त्याचं छायाचित्र काढून बारीक रेषा ताडून पाहा. हवेतला आणि निर्वातातला फोकस किंचित वेगळा असतो, तो फरक थर्मोव्हॅकमध्येच (निर्वातात गरम-थंड करायच्या चेंबरमध्ये) काचेच्या खिडकीतून मोजता येतो.

निर्वात आणि बेक-आउट

उपग्रहातून निघणारी वाफ मुख्य उपग्रहाच्या लेन्सवर बसू शकते, म्हणून साहित्याला दोन मर्यादा असतात: एकूण वस्तुमान घट १ टक्क्याच्या आत, घनरूप होणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत. त्यामुळे पीव्हीसीची वायर, साधा सिलिकॉन गम, बाजारातले नायलॉनचे टाय, ओळख नसलेल्या टेपा बाद. वायर पीटीएफई किंवा ईटीएफईची. जस्त आणि कॅडमियमचा मुलामा असलेले स्क्रू नकोत, शुद्ध कथिलही नको. ६३-३७ चं शिसेयुक्त सोल्डर वापरा.

बेक-आउट म्हणजे ही वाफ आधीच काढून टाकायला उपग्रह तापवणं: निर्वातात ७० अंशाला ३ तास, किंवा बॅटरीला ते झेपत नसेल तर ६० अंशाला ६ तास. वेळ उपग्रहाचं तापमान स्थिर झाल्यावर मोजायला सुरुवात करायची, चेंबरचं नव्हे. प्रयोगशाळेतला रोटरी पंप वापरत असाल तर त्याच्या तेलाची वाफ उलट चेंबरमध्ये येते आणि साफ करायला ठेवलेला उपग्रह तेलकट होऊन निघतो. मधे कोल्ड ट्रॅप लावा किंवा बिनतेलाचा पंप घ्या.

थर्मोव्हॅकमध्ये नुसतं गरम-थंड करून आणू नका. दोन्ही टोकांना उपग्रह चालवा: बीकन पाठवा, आज्ञा द्या, छायाचित्र काढा, थंडीत बंद करून थंडीतच सुरू करा. टेबलावर बोट लावल्यावर कोमट लागणारा रेडिओचा पॉवर ॲम्प्लिफायर निर्वातात सहज ऐंशीच्या पुढे जातो, कारण तिथे उष्णता फक्त स्क्रूंमधून आणि तांब्यातून वाट काढते.

सोलापूरची हवा

टॉवेल आणि चादरींच्या यंत्रमागांमुळे आपल्या शहराच्या बऱ्याच भागांत हवेत कापसाची पिंज तरंगते. ती रेलच्या टोकाच्या स्विचमध्ये, लेन्सवर आणि कनेक्टरमध्ये जाते, आणि ओलावा धरते. पूर्ण क्लीनरूम नसेल तर हेपा गाळणीचा लॅमिनार फ्लो बेंच आणि भोवती प्लॅस्टिकचा तंबू, एवढ्याने आयएसओ ८ या स्वच्छतेच्या पातळीच्या आसपास पोचता येतं. पुसायला सूत न सुटणारा वाइप आणि ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). कितीही स्वच्छ असला तरी सुती टॉवेल त्या खोलीत नको. फेब्रुवारी ते मे हवा कोरडी असते, आर्द्रता तीसच्या खाली गेली की अंगावर साठलेली वीज बोर्ड मारते आणि तो बोर्ड त्या दिवशी मरतही नाही, दोन महिन्यांनी मरतो. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, मनगटाचा पट्टा रोज सकाळी तपासा.

सोलापुरात एक चाचणी मात्र फार चांगली होऊ शकते. तुळजापूर इथून हवाई अंतराने चाळीसेक किलोमीटर आणि उंचावर. दृष्टिरेषा मिळणारी जागा शोधा, उपग्रहाचा इंजिनिअरिंग नमुना तिथे न्या आणि महाविद्यालयाच्या गच्चीवरच्या ग्राउंड स्टेशनशी बोला. ५०० किलोमीटरच्या कक्षेतला उपग्रह क्षितिजापासून पाच अंशांवर असताना सुमारे २०७० किलोमीटर लांब असतो. चाळीसेक किलोमीटरच्या तुलनेत हा फरक ३४ डेसिबलचा. तेवढा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) अँटेनाच्या मार्गात घाला, रेडिओ धातूच्या पेटीत बंद करा, नाहीतर सिग्नल पेटीतून गळून ॲटेन्युएटरला वळसा घालतो. या अवस्थेत आज्ञा जातात आणि छायाचित्र पूर्ण उतरतं, तेव्हाच लिंक बजेट, म्हणजे सिग्नल पोचेल याचा कागदावरचा हिशेब, खरं. चालवणाऱ्याकडे हॅम (हौशी रेडिओचा) परवाना हवा.

कागद

परवान्यांना उशीर झाला तर उपग्रह तयार असूनही जात नाही. इन-स्पेसची अधिकृतता, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून वारंवारितेची परवानगी आणि तिच्यामार्फत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंद, हौशी बँडसाठी आयएआरयू या हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं समन्वयन. हे सगळं रचना पूर्ण होण्याची वाट न बघता सुरू करा. इंटरफेस दस्तऐवज (उपग्रह रॉकेटवर बसवायच्या अटींचा कागद) ओळ न्‌ ओळ वाचा. जिथे अट पाळता येत नाही तिथे सवलतीचा अर्ज लगेच करा. डिलिव्हरीच्या आठवड्यात मागितलेली सवलत मिळत नाही.

आणि वर्षाच्या मध्यावर रचना गोठवा. त्यानंतर सुचलेला दुसरा सेन्सर कितीही आकर्षक असला तरी नको. वाचलेला वेळ ‘एक दिवस कक्षेतला’ या चाचणीला द्या: स्विच सुटल्यापासून चोवीस तास, वायर न जोडता, फक्त रेडिओवरून, ठरलेल्या वेळच्या दहा-दहा मिनिटांच्या भेटींत (उपग्रह स्टेशनच्या टप्प्यात असतो तेवढ्या वेळात) उपग्रह चालवायचा. दुसऱ्या यादीतली ही सर्वांत मोलाची चाचणी, आणि ती कुणीही तुमच्याकडे मागणार नाही.

नेणं आणि सुपूर्द करणं

मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग ६५ दोन्ही सोलापुरातून जातात. श्रीहरिकोट्याचं जवळचं स्थानक सुल्लुरुपेटा. पेटी फोमची, आत अँटिस्टॅटिक पिशवी, सिलिका जेल, धक्का आणि तापमान नोंदवणारा लॉगर. दुपारी उन्हात गाडी लावून जेवायला गेलात तर आत साठ अंश होतात. एक माणूस कायम पेटीबरोबर असावा. सुटी लिथियम बॅटरी विमानाने पाठवताना चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच ठेवावा लागतो आणि यूएन ३८.३ चा (लिथियम बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचण्यांचा) अहवाल लागतो.

जोडणीच्या ठिकाणी शेवटचं चार्जिंग केव्हा करता येईल हे लेखी घ्या. डबा बंद झाल्यावर बहुतेक वेळा हात लावता येत नाही, आणि प्रक्षेपण दोन-तीन महिने पुढे गेलं तर बॅटरी आहे त्यावरच जगली पाहिजे. बंद अवस्थेतली गळती मायक्रोॲम्पमध्ये मोजा आणि सहा महिन्यांचा हिशेब करा.

रॉकेटही हरू शकतं. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात विद्यार्थिनींचा आझादीसॅट वाया गेला. १० फेब्रुवारी २०२३ ला दुसऱ्या उड्डाणातून आझादीसॅट-२ कक्षेत पोचला. सुटे बोर्ड, जादा सेल आणि टॉर्कचे तक्ते जपून ठेवले असतील तरच दुसरी संधी घेता येते.

पहिले दिवस

एका खेपेत डझनावारी उपग्रह सुटले की पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, कोणता ठिपका कुणाचा हे कुणालाच माहीत नसतं. रडारवरून मिळणारे कक्षेचे आकडे ‘वस्तू अ, ब, क’ अशा नावांनी येतात. ओळख डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारितेत होणाऱ्या बदलावरून, पटवतात. ४३७ मेगाहर्ट्झला एका भेटीत वारंवारिता सुमारे अधिक १० किलोहर्ट्झपासून उणे १० पर्यंत घसरते. ज्या क्षणी ती सर्वांत वेगाने घसरते, तो उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा क्षण. तो क्षण सेकंदापर्यंत मोजून प्रत्येक वस्तूच्या आकड्यांशी ताडायचा. सुरुवातीला सगळे एका ओळीत काही सेकंदांच्या अंतराने धावत असतात, त्यामुळे ग्राउंड स्टेशनचं घड्याळ जीपीएसला बांधलेलं हवं.

सोलापूरवरून दिवसाला चार-पाच भेटी मिळतील, त्यातल्या दोनच चांगल्या उंचीच्या. पहिला बीकन बहुधा दुसऱ्याच देशातल्या एखाद्या हौशी स्टेशनला ऐकू येईल. म्हणून बीकनचा साचा, बॉड रेट (संदेशाचा वेग) आणि डीकोडर प्रक्षेपणाच्या महिनाभर आधी जाहीर करा, सॅटनॉग्ससारख्या ग्राउंड स्टेशनांच्या खुल्या जाळ्यावर नोंद करा. बीकनमध्ये कॉलसाइन, बॅटरीचं व्होल्टेज, रीसेटची संख्या, बॅटरीचं तापमान आणि अँटेनाची खूण एवढं असलं तरी निदान करता येतं.

ऐकू आला नाही तर घाईने आज्ञा पाठवत सुटू नका. प्रत्येक भेट आधी कच्च्या रेडिओ नोंदीच्या रूपात जपून ठेवा, दोन्ही बाजूंना ५० किलोहर्ट्झ रुंद. थंडीने क्रिस्टल सरकून बीकन अपेक्षित जागेपासून काही किलोहर्ट्झ बाजूला गेला असेल, तर तो त्या नोंदीत नंतरही सापडतो. पहिली आज्ञा साधी ‘आहेस का’ एवढीच असू द्या. कॅमेऱ्याला तोवर हात लावू नका, जोवर सलग काही फेऱ्यांत बॅटरीचं व्होल्टेज सावलीनंतरही सावरतंय असं बीकनच्या आकड्यांत दिसत नाही.